लाल चिंध्यांची कणसं

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. आता लोक म्हणतात, वय झालं. वयाचं काय, ते सगळ्यांचंच होतं. मी खरी थकले ती तिशीच्या आतबाहेर असताना, आणि ती संशोधनानं. माझ्या नव्हे हो, लोकांच्या! मी मराठी सातवीसुद्धा पुरी केलेली नाही. पण आमच्या सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात युनिव्हर्सिटीची जेवढी शास्त्रं पाट मांडून जेवून गेली, तेवढी खुद्द त्यांच्या त्या दगडी इमारतीत तरी कधी एका पंगतीला बसली असतील का, देव जाणे.

आमचे हे हायस्कुलात सायन्स मास्तर होते. नाव मी घरात कधी घेतलं नाही, इथंही घेणार नाही. इंग्रजी बोलणारा, नाही म्हणता न येणारा आणि घरात करून घालणारी बाई असणारा माणूस सोलापुरात कोण, असं युनिव्हर्सिटीत कुणी विचारलं की यांचंच नाव पुढं येत असावं. सोलापुरात मार्शल लॉ येऊन गेला, त्याच्या पुढची ही वर्षं. शहरात गिरण्या, घरोघर माग, बाहेर दुष्काळी रान, आणि बोलायला मराठी, कानडी, तेलुगू, दखनी सगळं. शास्त्रज्ञांना आणखी काय पाहिजे? मुंग्यांना गूळ सापडावा तसे ते येत.

रसायनवाले आले ते तळ्याचं आणि विहिरींचं पाणी तपासायला. त्यांच्या बाटल्या महिनाभर माझ्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी. एकदा पाहुण्याला मी त्यातलंच पाणी द्यायला निघाले होते, हे ओरडले म्हणून वाचला बिचारा. दगड तपासणारे आले, त्यांनी धोंड्यांची पोती मोरीत ठेवली आणि आम्ही पंधरवडाभर अंगणात आंघोळी केल्या. भाषावाले एक गृहस्थ माझ्याकडून "म्हैस विहिरीत पडली" हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते. शेवटी मी म्हटलं, "अहो, आता काढा तिला बाहेर!" तर तेही त्यांनी लिहून घेतलं. आणि डोकी मोजणारे आले त्यांनी तर कहर केला. दारात आलेल्या गवळ्याच्या डोक्याला त्यांनी तो लोखंडी चिमटा लावला. गवळी घागर तिथंच टाकून पळाला. पुढं आठ दिवस आमच्याकडं दूध नाही, आणि गल्लीत बोभाटा, की मास्तरांच्या घरी माणसाचं माप घेतात.

या सगळ्यांबरोबर उन्हातान्हात हिंडायचं यांनी. कोष्ट्यांच्या घरी ओळख करून द्यायची यांनी, बाटल्या वाहायच्या यांनी, खेड्यात बैलगाडी ठरवायची यांनी. आणि भाकरी बडवायच्या मी. बरं, जाताना म्हणायचे, "वहिनी, तुमच्या शेंगांच्या चटणीला तोड नाही." एवढं म्हणून जे जात, ते पुढं त्यांचा निबंध छापून आला तरी कळवत नसत. गरज सरो नि वैद्य मरो. मी चिडायची. हे म्हणायचे, "अगं, ज्ञान वाढतंय." मी म्हणायची, "वाढतंय खरं, पण माझ्या चुलीवर!"

यांचं स्वतःचंही एक होतं. ते कुणी विचारत नसे.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी एक कोरडं साल गेलं. अक्कलकोटच्या रस्त्याला एका शेतावरून हे सायकलनं येत होते. अख्खा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, वाळून करपून उभा होता, आणि मधूनच एखादं ताट, म्हणजे धाट, हिरवं, कणीस भरलेलं. तीच जमीन, तेच नसलेलं पाणी. मग यालाच का जमलं? हा किडा जो डोक्यात शिरला तो शिरला. त्या शेताची मालकीण एक विधवा बाई होती, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. तिनं बांधाकडची एक पट्टी यांना वापरायला दिली. मोबदला काय, तर तिच्या पुतण्यांना सुट्टीत इंग्रजी शिकवायचं. दर रविवारी सायकलवर टांग मारून हे तिकडं. हिरवी राहिलेली ताटं निवडायची, त्यांचं बी राखायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा निवडायचं. असं करता करता वर्षं गेली. नोंदी केल्या, प्रबंधाची नोंदणी केली, युनिव्हर्सिटीतले एक मोठे प्रोफेसर गाइड म्हणून मिळाले. आता एमेस्सी व्हायचं तेवढं राहिलं.

मलाही ती पदवी हवी होती. खोटं कशाला बोलू? परगावच्या एका कॉलेजात यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती, ती पदवीवर अडलेली. पण जागेचं सोडा. मला वाटायचं, आयुष्यात एकदा तरी या माणसाच्या मागं कुणी बाटली धरून उभं राहावं. एकदा तरी पंगतीत कुणी विचारावं, "मास्तर, तुमचं काय चाललंय?" एवढ्यासाठी मी देवाला सांगून ठेवलं होतं.

त्या सालीच नेमका पाऊस पळाला. लोक आभाळाकडं बघून रडत होते आणि आमचे हे घरात हळूच खुशीत, कारण परीक्षाच व्हायची होती ती यांच्या बियाण्याची. राखलेलं सगळं बी यांनी त्या पट्टीत टाकलं होतं, घरात मूठभरही ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "थोडं मागं ठेवा." तर म्हणाले, "पुढच्या साली असा दुष्काळ मिळेल का?" घ्या! दुष्काळ मिळेल का म्हणे.

मार्गशीर्ष लागला तेव्हा पट्टीतली निम्मीशिम्मी ताटं माना टाकून पडली होती. पण काही उभी होती. नुसती उभी नाहीत, दाणा धरून उभी. हे संध्याकाळी घरी आले ते पाय न धुता आधी ट्रंकेपाशी. म्हणाले, "एखादं लाल कापड आहे का? लांबून दिसेल असं. खुणेला बांधायचंय." मी ट्रंकेतून माझं पहिल्या मंगळागौरीचं लाल इरकली लुगडं काढलं आणि यांच्यासमोर टर्रकन फाडलं. हे बघतच राहिले. मी म्हटलं, "बघताय काय? पट्ट्या काढा." जीर्ण झालं होतं ते, पण पदर चांगला होता. पदराच्याही चिंध्या केल्या. त्या रविवारी मीही शेतावर गेले आणि दोघांनी मिळून त्या एकेका कणसाखाली बांधल्या. आक्का पाखरं राखायच्या माळ्यावरून गोफण हातात धरून बघत होती. यांनी तिला हाक मारून सांगितलं, "आक्का, ही कणसं राखायची बरं का. नाताळात मोठे साहेब येतील, तोवर कुणी हात लावायचा नाही."

"न्हाय लावू देत की," आक्का म्हणाली. "चिमणीला बी न्हाय."

आणि बाईनं खरंच लावू दिला नाही. थंडीत घोंगडं पांघरून ती माळ्यावर बसायची. तिचा स्वतःचा शाळू पाखरं खात होती, आणि तिची गोफण आमच्या पट्टीवर फिरत होती. हे मी मुद्दाम सांगतेय. तिला कुणी नावं ठेवलेली मला खपणार नाहीत.

गाइडसाहेबांनी कळवलं होतं की नाताळच्या सुट्टीत येतो, ताटं डोळ्यांनी बघतो, समक्ष कणसं कापून वजन करू. पटलं तर सही करीन. नाही तर तुमची मुदत यंदा संपते, नाव कमी होईल, मलाही काही करता येणार नाही. सरळ माणूस होता, आडपडदा नाही. बरोबर अर्थशास्त्राचे एक प्रोफेसर येणार होते, कारण सोलापूरला यायचंच तर एकटं कोण येतं? ते आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वेळा अमावस्या होती.

आमच्याकडं, विशेषतः कानडी मुलखाच्या अंगाला, या दिवशी शहर ओस पडतं. सगळे रानात. शेतात कडब्याची खोप उभारायची, आत पाच पांडव म्हणून पाच खडे चुन्यानं रंगवून मांडायचे, त्यांची पूजा करायची, आंबील पिकात शिंपडायची, आणि मग पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, हुरडा. बांधावरून जाणारा परका माणूससुद्धा त्या दिवशी जेवल्याशिवाय सुटत नाही. आक्कानं आम्हाला निरोपच धाडला होता, की मास्तरनं साहेबलोकांना घेऊन यावं, पूजा बाराच्या आत हाय.

सकाळी सर्व्हिस मोटारीनं फाट्यापर्यंत गेलो, पुढं छकडा. आता अर्ध्या तासाचा रस्ता. पण अर्थशास्त्राच्या प्रोफेसरांना वाटेत जो भेटेल त्याला थांबवायची हौस. एका मेंढक्याला त्यांनी विचारलं, तुम्ही वर्षाला किती खाता? तो म्हणाला, "मिळंल तेवडं." प्रोफेसरांना आकडा हवा होता. ते काही केल्या छकड्यात बसेनात. हे नुसते घड्याळ बघत होते आणि मी मनातल्या मनात त्या मेंढक्याला म्हणत होते, सांग बाबा काहीतरी आकडा, आणि सोड आम्हाला. असं तीन ठिकाणी झालं. पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

आक्का खोपीच्या तोंडाशी उभी होती, उपाशी, पण चेहरा असा उजळलेला की काय सांगू. "या, या, लई येळ केला की! पर काळजी नगं, सगळं बैजवार झालंय." साहेबांना घोंगडीवर बसवलं. आगटी पेटलेलीच होती, गोवऱ्यांचा निखारा नुसता फुललेला. तिच्या पुतण्यानं कणसं निखाऱ्यातून काढून दिली, आणि आक्कानं ती गरम गरम तळहातावर चोळून, फुंकर मारून हुरडा साहेबांच्या पुढ्यात टाकला. शेजारी गूळ, शेंगांची चटणी, दही. गाइडसाहेबांनी तोंडात घातला आणि डोळेच मिटले. म्हणाले, "वा! असा गोड हुरडा मी जन्मात खाल्ला नाही. या दुष्काळात एवढा भरलेला दाणा!"

हे घोंगडीवर बसले नव्हतेच, तसेच पट्टीकडं गेले होते. मी खोपीत पांडवांना हळदकुंकू वाहायला वाकले, आणि बघते तर पाच खड्यांपुढं माझं लुगडं. लाल चिंध्या नीट सोडून, घडी घालून, वर एक सुपारी ठेवलेली. मी वर पाहिलं. खोपीच्या तोंडाला हिरवीगार ताटं कमानीसारखी बांधली होती, मुळासकट उपटलेली, कणसं खुडलेली. आणि त्या कमानीखाली गाइडसाहेब मांडी घालून बसले होते, हातात हुरडा.

मी आक्काला खुणेनं आत बोलावलं. तिला विचारलं, "ही ताटं?"

"तुमचीच की, बाई," ती हळू आवाजात म्हणाली, साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मास्तरचा नवस. लाल फडकी बांधली तवाच म्या वळखलं. सायब येस्तवर राखा म्हनले, राखली. आज पूजंचा येळ टळाय लागला, तुमचा पत्त्या न्हाय. नवस अर्धा ठेवू ने, बाई. मंग म्याच उपास धरला, माज्या हातानं देवाला वाहिलं, आन् परसाद पाव्हन्यांच्या पोटात घातला. बाकीच्या रानात काय हाय? सगळी पोची. मोठ्या मानसाच्या पानात पोचं कनीस घालू व्हय?"

आमच्या भागात पिकाला लाल फडकं कुणी बांधतं ते नवसालाच. हे मला माहीत होतं. यांनाही माहीत होतं. पण इतकी वर्षं सायन्स ऐकून आमची दोघांचीही डोकी अशी झाली होती, की बांधताना ते आठवलंच नाही.

हे पट्टीवरून परत आले. चेहरा पाहिला आणि मी मान खाली घातली. एकही ताट जागेवर नव्हतं. त्यांनी खोपीची कमान पाहिली, आगटी पाहिली, आक्काचे चोळून लाल झालेले तळवे पाहिले. आक्का हसून म्हणाली, "मास्तर, बसा की. तुमच्यासाटी बी ठेवलाय." आणि हे बसले. तिनं दिलेला हुरडा यांनी खाल्ला. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, निदान रडेल तरी. मी असते तर आगटीत उडी घेतली असती.

गाइडसाहेबांनी हात झटकले. "चला, मास्तर, आता तुमची ताटं दाखवा."

आक्का तिथंच होती, पुढचं कणीस चोळत. तिची नजर यांच्यावर, शाबासकीची वाट बघणारी. हे क्षणभर तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सर, यंदा एकही टिकलं नाही."

"एकही?"

"नाही. तुम्हाला उगाच त्रास दिला."

 गाइडसाहेबांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण पुन्हा त्यांनी हुरड्याला हात लावला नाही. अर्थशास्त्राच्या प्रोफेसरांचं मात्र छान चाललं होतं. भज्जीचा घास घेत ते म्हणाले, "पाहिलंत? लोक उगाच दुष्काळ दुष्काळ म्हणतात. खेड्यात अजून पोटभर आहे." मला त्यांच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं उपडं करावंसं वाटलं. केलं नाही. वाढत राहिले.

निघताना आक्कानं तिच्या जावेकडून माझी ओटी भरवली. तांदूळ कुठले असणार, जोंधळेच, एक खोबऱ्याची वाटी, आणि वर आक्कानं ठेवलेल्या त्या चिंध्या. "चांगलं लुगडं हुतं, टाकू नगा. वाकळंला लावा."

पाहुण्यांना गाडीत बसवून आल्यावर घरात मी तोंडाचा पट्टा सोडला. "अहो, तिथं नाही तर नाही, स्टेशनावर तरी सांगायचं होतंत! ती थोडीच ऐकायला होती?"

हे कोट खुंटीला लावत होते. म्हणाले, "काय सांगू? तुम्ही खाल्लंत ते? आणि पुरावा काय दाखवू, राख?"

"मुदत तरी वाढवून मागायची!"

"मागून पेरू काय? बी आहे कुठं?" मग म्हणाले, "आणि सांगितलं असतं तर त्यांनी ते जन्मभर प्रत्येक पार्टीत सांगितलं असतं. खेडवळ बाईनं मास्तराचा प्रबंध भाजून खाल्ला म्हणून. सगळे हसले असते. ती उपाशी होती गं दिवसभर, माझ्यासाठी."

मला पटलं नाही. तो चांगुलपणा होता की नुसता थकवा, हे मला आजही सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही आणि यांनी मागितलाही नाही.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. नाव कमी झालं. कॉलेजातली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. महिन्याभरात किडे गोळा करणारे कुणी युनिव्हर्सिटीतून आले, आणि हे त्यांच्या मागं जाळी धरून निघाले. चिंध्यांची मी वाकळ शिवली, आणि त्याच थंडीत ते पाहुणे तीच पांघरून झोपले.

दुसऱ्या सालच्या वेळा अमावस्येला आक्कानं पुन्हा बोलावलं. मी म्हटलं, "मी नाही येत." हे म्हणाले, "चल, तिला वाईट वाटेल." गेलो. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, सगळ्याच रानात दाणा होता. बांधाकडच्या आमच्या पट्टीत आक्कानं हरभरा टाकला होता. पूजा झाली, पानं मांडली. आक्का यांच्यापुढं भाकरी ठेवताना थबकली.

"मास्तर, औंदा लाल फडकी न्हाय बांदली?"

"नाही, आक्का."

"का वो? नवस न्हाय काय?"

"गेल्या साली फिटला की," हे म्हणाले. "तुम्हीच फेडलात."

आक्काचा चेहरा फुलला. तिनं पदरानं हात पुसले आणि अगदी जिव्हाळ्यानं विचारलं, "मंग? पावला का द्येव?"

मी यांच्याकडं पाहिलं नाही. मला बघवेना. मी आंबिलीचं मडकं पुढं ओढून ढवळायला लागले.

"व्हय, आक्का," हे म्हणाले. "पावला."